रणथंबोरचा कैदी

शिवाजी महाराज आग्र्यात नजरकैदेत होते, त्या सुमारास औरंगजेबाचा आणखी एक कैदी रणथंबोरच्या गडावर दिवस मोजत होता. पेशावरजवळच्या अकोड्याचा सरदार, खुशालखान खटक. पश्तो भाषेतला सर्वांत मोठा कवी मी त्यालाच मानतो.

पश्तून त्याला बंडाचा नायक म्हणून पूजतात. माझं मन मात्र त्याच्या कैदेआधीच्या पन्नास वर्षांपाशी अडतं. अटक ते पेशावर हा रस्ता राखायचं काम अकबराच्या वेळेपासून त्याच्या खटक टोळीकडे होतं; आपल्या ‘अटकेपार’मधलं अटक ते हेच. खुशाल शाहजहानसाठी लढला, आपल्याच युसुफझाई पश्तूनांवरही त्याने तलवार चालवली. १६६४ मध्ये पेशावरला त्याला पकडलं, तेव्हा तो बादशाहीचा इमानी चाकर होता.

कैदेत त्याने गावाच्या विरहावर काव्य रचलं आणि ‘दस्तारनामा’ लिहिला. दस्तार म्हणजे पागोटं. ते डोक्यावर मिरवणाऱ्याच्या अंगी काय काय असावं, याचा हा गद्यग्रंथ आहे. धनुर्विद्या, पोहणं, शेती, संगीत, आणि मुलांना वाढवणं. बेड्यांत पडलेला माणूस शेतीचा आणि लेकरांचा विचार करतो, हे वाचून मी थांबलो होतो.

सुटून आल्यावर तो आफ्रिदी पश्तूनांच्या मोगलांविरुद्धच्या उठावात उतरला. हा वणवा एवढा भडकला की १६७४ मध्ये औरंगजेब स्वतः अटकेजवळच्या हसन अब्दालला येऊन बसला. त्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला. उत्तरेत अडकलेल्या फौजा दख्खनला आल्या नाहीत, याचा आपल्या इतिहासात फार थोडा उल्लेख होतो.

या काळातल्या त्याच्या कवितेत मोगलांवर राग आहेच. पण सर्वांत जहाल शब्द त्याने स्वतःच्या लोकांसाठी राखले: मनसबीसाठी विकले जाणारे, एका जागी कधी न येणारे. हे सुनावण्याचा अधिकार त्याला होता, कारण ते मीठ त्यानेही खाल्लं होतं.

त्याचा मुलगा बहराम मोगलांना मिळाला आणि बापावरच चालून आला. १६८९ मध्ये खुशाल आफ्रिदींच्या डोंगरात वारला. मोगली घोड्यांच्या टापांची धूळ पोचणार नाही अशा जागी मला पुरा, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

थोरला मुलगा अशरफ, तोही कवी. बहरामने त्याला मोगलांच्या हाती दिलं. अशरफने ‘हिजरी’, म्हणजे विरही, असं नाव घेऊन दख्खनच्या कैदेत, विजापूरला, पश्तोत कविता लिहिल्या. तो तिथेच वारला.