कोणतं मूल जास्तीचं?

गेल्या महिन्यात आमच्या छोट्या ख्रिस्ती समूहाची सभा आळीतल्या एका घराच्या पडवीत झाली. देवशब्दाचं वाचन झालं, प्रार्थना झाली आणि नेहमीप्रमाणे चहा आला. चहाबरोबर विषय निघाला आफ्रिकेतल्या दुष्काळाचा. कुणीतरी आदल्या रात्री टीव्हीवर नायजर देशाची चित्रं पाहिली होती. भेगाळलेली जमीन, हाडं वर आलेली गुरं, एका बाईच्या पाठीला बांधलेलं मूल आणि तिच्याभोवती आणखी तिघं. "एवढी मुलं जन्माला घालायची कशाला? मग वाळवंट होणार नाही तर काय?" एकानं म्हटलं. आम्ही बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी कप खाली ठेवला. त्यांना आठ मुलं झाली, त्यांतली दोन प्रभूघरी गेली. त्या म्हणाल्या, "मग माझ्या आठांतलं जास्तीचं कुठलं रे?"

सगळे हसले आणि विषय बदलला. मला मात्र तो प्रश्न सोडवत नाही. म्हणून हे चार शब्द.

आधी हे सांगायला हवं, की मान डोलावणारे आम्ही अगदीच चुकीचे नव्हतो. नायजर हा सहाराच्या दक्षिणेला असलेला देश (शेजारचा नायजेरिया वेगळा). त्याचा मोठा भाग निव्वळ वाळवंट आहे. शेती होते ती दक्षिणेकडच्या पट्ट्यात, तीही पावसाच्या भरवशावर. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पाचशे पडला तर वर्ष चांगलं. १९६० साली हा देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे पस्तीस लाखांच्या आसपास माणसं होती. आज अडीच कोटींहून अधिक आहेत. एका स्त्रीला सरासरी सुमारे सहा मुलं होतात.

वाळवंट म्हणजे सहाराची वाळू उडत उडत शेतावर येते, असं आपल्याला वाटतं. तसं क्वचितच घडतं. वाळवंटीकरण म्हणजे कोरड्या प्रदेशातली चांगली जमीन जागच्या जागी मरणं. तिथला शेतकरी पूर्वी काही वर्षं बाजरी घेई आणि मग ते शेत दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवी. त्या काळात झुडपं वाढत, गुरं चरत, शेण पडे, माती पुन्हा जिवंत होई. बापाच्या शेताचे चार-पाच वाटे झाले की पडीक ठेवायला जमीनच उरत नाही. पंधराची पाच वर्षं होतात, मग दोन, मग काहीच नाही. लाकूड संपलं की बाजरीची ताटं आणि शेण चुलीत जातं, म्हणजे मातीचं अन्नच चुलीत जातं. उघड्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब आदळतात, वर कडक पापुद्रा धरतो, आणि पुढचा पाऊस आत न मुरता वाहून जातो. पाऊस पडूनही शेत तहानलेलं राहतं.

पडीक जमिनीची गोष्ट निघाली की लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आठवतो. सहा वर्षं पेरणी करावी आणि सातवं वर्ष जमिनीच्या विसाव्याचं असावं, अशी तिथे आज्ञा आहे. शब्बाथ केवळ माणसाला नाही, मातीलाही आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तर असं सांगितलं आहे, की लोक बाबेलला बंदिवासात गेले तेव्हा त्या सत्तर वर्षांत जमिनीनं आपले चुकलेले शब्बाथ भरून काढले. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे वाक्य मला काहीच सांगत नसे. नायजरबद्दल वाचल्यावर ते अंगावर आलं.

पण आकड्यांवर सगळा दोष टाकून मोकळं होता येत नाही. अमेरिकेच्या मधल्या मैदानांत १९३० च्या दशकात धुळीची प्रचंड वादळं उठली आणि लाखो माणसं घर सोडून निघून गेली. तिथे कुठे दाटी होती? गव्हाच्या भावासाठी ट्रॅक्टरनं गवताळ जमीन उलथून टाकली होती, आणि वर अवर्षण आलं. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० पर्यंत जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. सोव्हिएत सरकारनं कापसासाठी त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वळवलं, आणि आज त्याच्या तळाच्या मोठ्या भागावर खारट धुळीचं नवं वाळवंट आहे. ते कुणा गरीब बाईच्या पाचव्या लेकरानं केलेलं नाही.

खुद्द नायजरमध्येही झाडं केवळ माणसं वाढली म्हणून गेली नाहीत. फ्रेंच राजवटीत झाडांवर सरकारचा हक्क लावला गेला आणि स्वातंत्र्यानंतरही ती रीत चालू राहिली. स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तर वनरक्षक दंड करी. मग शेतकऱ्यानं काय करावं? झाड आपलं नाही, पण त्याची अडचण आपली. तो रोप उगवलं की उपटून टाकू लागला. रक्षणासाठी केलेल्या कायद्यानं रान उजाड व्हायला हातभार लावला.

त्याच देशाच्या माराडी भागात टोनी रिनॉडो नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती मिशनरी काम करत होता. हजारो रोपं लावायची आणि ती मरताना पाहायची, असं त्याचं चाललं होतं. १९८३ साली रस्त्यात गाडी थांबवून तो एका झुडपाजवळ गेला, पानं पाहिली, आणि त्याच्या लक्षात आलं की हे झुडूप नाहीच. तोडलेल्या झाडाच्या खोडाला फुटलेले धुमारे आहेत. जमिनीखाली मुळांचं अख्खं रान जिवंत होतं. दरवर्षी ते वर येई आणि दरवर्षी छाटलं जाई. त्यानं शेतकऱ्यांना सांगितलं, की प्रत्येक खोडाचे दोन-चार चांगले धुमारे ठेवा, बाकीचे काढा, आणि ते सांभाळा. पुढे सरकारची पकड ढिली झाली, झाड आपलं आहे असा शेतकऱ्याला भरवसा वाटू लागला, आणि वीस वर्षांत सुमारे पन्नास लाख हेक्टरवर झाडं परतली. नवल म्हणजे ती परतली दक्षिणेकडच्या दाट वस्तीच्या भागात. जिथे माणसं जास्त, तिथेच झाडं जास्त झाली. झाड राखायला राखणारा लागतोच ना!

शेजारच्या बुर्किना फासोमधला याकुबा सावादोगो हा शेतकरी ऐन उन्हाळ्यात दगडासारख्या जमिनीत खड्डे खणून त्यांत शेणखत टाकी. खतामागे वाळवी येई, ती माती पोखरून भुसभुशीत करी, आणि पहिला पाऊस त्या खड्ड्यात मुरे. शेजारी त्याला वेडा म्हणत. कुणीतरी त्याचं रान जाळलंसुद्धा. त्यानं पुन्हा लावलं. २०१८ साली त्याला आणि रिनॉडोला एकाच वेळी 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये तो वारला. एक एकर असे खड्डे खणून पाहा म्हणजे कळेल, की त्याला तोंडं नाहीत, हात लागतात. आणि प्रत्येक तोंडाबरोबर दोन हात येतात.

पण मी इथेच थांबलो तर आजींना बरं वाटेल आणि ते अर्धसत्य होईल. अभ्यासकांनी हिशेब मांडला, की परतलेल्या झाडांमुळे नायजरमध्ये दरसाल पाच लाख टन अधिक धान्य होतं. त्यावर पंचवीस लाख माणसं जगतात. आज तो देश वर्षाला आठ-नऊ लाखांनी वाढतो आहे. म्हणजे वीस वर्षांची ती सगळी मेहनत तीन वर्षांच्या पाळण्यांत संपते. ह्या हिशेबाकडे पाठ फिरवून "देव चोच देतो तो चारा देतो" म्हणणं मला श्रद्धा वाटत नाही, आळस वाटतो.

केनियातल्या माचाकोसचं उदाहरण अशा वेळी दिलं जातं. १९३० नंतरच्या साठ वर्षांत तिथली लोकसंख्या पाचपटीहून अधिक झाली, आणि तरी कांबा लोकांनी उतारांवर बांध घालून जमिनीची धूप कमी केली. खरं आहे. पण माचाकोसपासून नैरोबीची बाजारपेठ जवळ होती, कॉफीचा पैसा होता, शहरातल्या नोकऱ्यांतून घरी पैसे येत होते. सगळ्यांच्या वाट्याला नैरोबी येत नाही.

मग संख्या आवरायची तर कशी? "एवढी मुलं कशाला" हे वाक्य आपल्या देशानं एकदा हुकूम म्हणून वापरून पाहिलं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ ह्या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या कित्येक धाकानं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकही संमत केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही हे आपलं भाग्य. सक्ती गेली, आणि तरीही आज भारतात स्त्रीमागे सरासरी दोन मुलं आहेत, महाराष्ट्रात त्याहूनही कमी. मुली शाळेत टिकल्या, लग्न उशिरा होऊ लागलं, जन्मलेली मुलं जगू लागली. नायजरमध्ये अजूनही चारांतल्या तीन मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. तिला कुणी विचारलेलंच नसतं. तिथे आता 'नवऱ्यांच्या शाळा' भरतात. गावातले पुरुष एकत्र बसून बाळंतपण, बायकोची तब्येत, दोन मुलांतलं अंतर ह्यांवर बोलतात. मला हा उपाय फार आवडला. आपल्या धर्मग्रामातही अशी एक शाळा भरवायला हरकत नाही.

ख्रिस्तसभेबद्दल लोकांचा समज असा, की तिला नुसती मुलं हवी असतात. १९६७ साली पोप पॉल सहावे ह्यांनी 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' ह्या परिपत्रकात स्पष्ट मान्य केलं, की लोकसंख्या साधनांपेक्षा वेगानं वाढली तर अडचण होते. मात्र किती मुलं हा निर्णय आईवडिलांचा, तोही देवासमोर आणि समाजाची जबाबदारी ओळखून घेतलेला. दिवंगत पोप फ्रान्सिस २०१५ च्या जानेवारीत फिलिपिन्सहून परतताना विमानात पत्रकारांना म्हणाले होते, की चांगलं कॅथलिक असायला सशांसारखं वागावं लागत नाही. त्याच वर्षीच्या 'लाउदातो सी' मध्ये त्यांनी दुसरी बाजूही सांगितली : थोड्या लोकांच्या उधळपट्टीकडे डोळेझाक करून गरिबांच्या लोकसंख्येला दोष देणं म्हणजे प्रश्नाला तोंड न देणं. आपण दोन्ही वाक्यं ऐकतो, पण आपापल्या सोयीचं एकच लक्षात ठेवतो. जबाबदार पालकत्वावर आमच्या वेळच्या विवाहपूर्व शिबिरात जेमतेम पाव तास मिळाला होता, तोही सगळ्यांनी खाली माना घालून काढला.

पोप जॉन पॉल दुसरे १९८० च्या मे महिन्यात वागादुगूला गेले होते. बुर्किना फासोला तेव्हा अप्पर व्होल्टा म्हणत. त्या तहानलेल्या लोकांसाठी त्यांनी जगाला हाक दिली, आणि तिच्यातूनच १९८४ साली साहेल प्रदेशासाठी त्यांच्या नावाचा निधी उभा राहिला. आपल्या राज्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर ह्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं केलं. १९९३ साली त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो ह्यांनी 'वॉटर' ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत चर खणले गेले, बांध पडले, विहिरींना पाणी आलं. अट एवढीच, की गावानं श्रमदान करायचं आणि मोकाट चराई व झाडतोड बंद करायची. ऐकायला सोपं. पण चराई बंद झाली की पहिला फटका बसतो तो ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्याच आहेत त्याला. डोंगर हिरवा झाल्याचा लाभ मात्र ज्याची विहीर आहे त्याला.

इथे मला अब्राम आणि लोट आठवतात. दोघांचे कळप इतके वाढले, की तो प्रदेश दोघांना पुरेना आणि गुराख्यांची भांडणं लागली. अब्राम वडीलधारा, शिवाय वचन त्यालाच मिळालेलं. तो म्हणू शकला असता, तुझी गुरं जास्त झाली आहेत. त्यानं लोटला आधी निवडायला सांगितलं. लोटनं पाण्याचा भाग घेतला.

आणि आजींचा प्रश्न? त्यांची आठ मुलं एका वाडीवर वाढली. केळी, भाजी, नारळ, एक विहीर. मीही सात भावंडांतला. आमची वाडी आम्हा सातांना पुरली, त्याआधी वडिलांच्या नऊ भावंडांना पुरली. आमच्या पिढीला मात्र दोन-दोन मुलं, आणि वाडी आमच्या पिढीतच गेली. विहीर बुजवून तिथे सात मजली इमारत उभी आहे, आणि उन्हाळ्यात तिथे टँकर येतो. कुणाला नावं ठेवत नाही, कारण माझा वाटा मीही विकला आहे. इमारतीत राहायला आलेल्यांनाही घर हवंच होतं. पण त्या सभेत नायजरच्या बाईकडे पाहून मान डोलावताना हे मला आठवलं नव्हतं.

पुढची सभा माझ्या घरी आहे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट अधूनमधून बंद असते, म्हणून आजींना घ्यायला मी खाली थांबणार आहे. वाचन निवडायचं काम माझ्याकडे आहे. उत्पत्तीचा तेरावा अध्याय वाचू या म्हणतो.