बाळंतपणाचे बिल कोणाचे?



वर्षातून दोन-तीनदा तरी एखादे तरुण जोडपे मिस्सा संपल्यावर मागे थांबते आणि हळूच विचारते, "फादर, आता विमा काढला तर चालेल का?" 'आता' म्हणजे चौथा-पाचवा महिना लागल्यावर. नवरा कोळसा खाणीत किंवा सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे असतो, नाहीतर दोघेही मजुरीला जाणारे. शेजारणीच्या सिझरचा आकडा कानावर आलेला असतो आणि झोप उडालेली असते.

उत्तर द्यायला वेळ लागत नाही. खाजगी विमा कंपन्या आधीच राहिलेल्या गरोदरपणाचा खर्च सहसा देत नाहीत. ज्या पॉलिसीत बाळंतपणाचा लाभ असतो, तिच्यातही बहुधा काही महिने ते काही वर्षे थांबावे लागते. नोकरीच्या ठिकाणच्या गट विम्यात कधी कधी ही अट नसते, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. खरा कठीण प्रश्न त्यानंतर येतो. मग हे बिल कोणाचे?

विमा कंपनी नाही म्हणते म्हणून तिला निर्दयी ठरवणे मला पटत नाही. विमा हा अनिश्चिताचा व्यवहार आहे. शंभर जण थोडे थोडे पैसे घालतात, कारण कोणाचे घर जळेल हे कोणालाच ठाऊक नसते. घर पेटल्यानंतर येणाऱ्याला आत घेतले, तर पेटण्याआधी कोणीच येणार नाही आणि पेटी रिकामी होईल. पण पोटातले बाळ ही 'होईल की नाही' अशी गोष्ट राहिलेली नसते. ते आलेलेच असते. म्हणून कंपनीच्या नकारावरून एवढेच कळते की हा विम्याचा विषय उरला नाही. त्या आईचा कोणावरच हक्क उरला नाही, असे त्यातून निघत नाही. आपण मात्र पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर नकळत उडी मारतो आणि म्हणतो, "आधी विचार करायला नको होता?"

हे वाक्य मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. दूरदृष्टी हा सद्गुणच आहे. पण ज्याच्या हाताला पावसाळ्यात धानाची रोवणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, आणि मध्ये मिळेल ते काम, त्याने दोन-तीन वर्षे आधी हप्ते भरायला हवे होते असे म्हणणे म्हणजे पगारदाराचे घड्याळ मजुराच्या हाताला बांधणे आहे. आणि समजा, खरोखरच निष्काळजीपणा झाला. तरी त्याचा दंड कोणाला होणार? ज्याने अजून एकही निर्णय घेतलेला नाही, त्या बाळाला.

लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवा. जखमी माणसाला तू एकटा का निघालास, हे तो विचारत नाही. त्याची दया आपण नेहमी सांगतो, त्याच्या हिशेबाकडे फारसे पाहत नाही. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार आगाऊ देतो आणि जास्त लागले तर परत येताना भरीन म्हणतो. रक्कम न ठरवता त्याने बिल स्वतःच्या नावावर घेतले. (मालकाने अनोळखी माणसावर उधारी ठेवली, हेही काही कमी नाही.) तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हा विचार आणखी कडक शब्दांत मांडला. आपल्या गरजेपेक्षा जे जास्त आहे ते निसर्गनियमाने गरजूचे देणे लागते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे बाळंतिणीला दिलेला पैसा ही भीक नव्हे, देणे आहे.

पण कोणी द्यायचे? आपल्या रीतीत याचे एक जुने उत्तर आहे: पहिले बाळंतपण माहेरी. त्यात माया आहे, लेकीला चार दिवस विसावा आहे, आणि स्पष्टच सांगायचे तर बिलही आहे. सासरची माणसे निवांत राहतात आणि लग्नाचे कर्ज न फिटलेला बाप पुन्हा दागिना गहाण टाकतो. गरीब माहेरावर टाकलेला हा भार रीत म्हणून पवित्र होत नाही, असे माझे मत आहे. मूल दोन्ही घरांचे असेल तर खर्चही दोन्ही घरांचा.

आणि घरांच्याही पलीकडचा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातील स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही त्यातून सुटू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर आली. पण १९२९ चा कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. जिचा मालक रोज बदलतो, त्या शेतातल्या आणि जंगलातल्या बाईचे बिल कोणत्या मालकाकडे पाठवायचे?

म्हणून २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम मला मोलाचा वाटतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझर झाले तरीही. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस व सिझरमध्ये सात दिवस जेवण, जाण्या-येण्याची गाडी, हे सारे त्यात येते. कितव्या महिन्यात आलात यावरून दार बंद होत नाही, कारण ही पेटी सगळ्यांच्या करातून भरलेली आहे. मजूरही मीठ सोडून बाकी बऱ्याच वस्तूंवर कर भरतोच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण मातांना जननी सुरक्षा योजनेतून ७०० रुपये, आणि पात्र मातांना पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेतून ५००० रुपये मिळतात. आशाताईकडे नाव लवकर नोंदवा, हे मी वेदीवरूनही सांगत असतो.

तरीही लोक कर्ज काढून खाजगीत जातात. त्यांना मी दोष देत नाही. कुठे डॉक्टरची जागा रिकामी, कुठे ऐन रात्री 'पुढे न्या' म्हणतात, कुठे बाळंतिणीला टाकून बोलतात. जे मोफत आहे ते अपमान न होता मिळाले पाहिजे, नाहीतर त्याची किंमत बाईने दुसऱ्या नाण्यात मोजलेली असते.

शिवाय काही खर्च कोणत्याच योजनेत नीट बसत नाहीत. भामरागड किंवा सिरोंचाकडून गडचिरोलीला यायचे म्हणजे दीड-दोनशे किलोमीटर. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट वर्षानुवर्षे तुटत आली आहे. म्हणूनच आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' उभे राहिले, जिथे दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहू शकते. नाव ज्याने सुचवले त्याला या प्रश्नाचे मर्म कळले होते. पण तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याची बुडालेली मजुरी, दवाखान्याबाहेरचे त्याचे जेवण, घरी राहिलेली दोन लेकरे?

धर्मग्रामाच्या मदतनिधीबद्दल एक आक्षेप येतो: उशिरा येणाऱ्याला आपण देत राहिलो तर वेळेवर तयारी कोण करेल? प्रश्न रास्त आहे. पण सोबत्याच्या डब्याची सोय होईल म्हणून कोणी नाव नोंदवायचे टाळल्याचे मी तरी पाहिलेले नाही. निधी थोडा आहे, खाजगी दवाखान्याचे बिल त्यातून भरता येणार नाही. गाडीचे पेट्रोल, सोबत्याचे जेवण आणि मागे राहिलेल्या मुलांची आठवडाभराची सोय मात्र होऊ शकते. महिला मंडळाच्या भगिनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बाजूच्या खोलीत बसतात. कितवा महिना आहे आणि दवाखाना कोणता, एवढेच त्या विचारतील.