पुढे काय होणार?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. फराळाची बशी तशीच ठेवून तो आढ्याकडे पाहत बसलेला दिसला, तेव्हा मी विचारले, "काय रे, कसला एवढा विचार चाललाय?" तो म्हणाला, "मामा, सिल्व्हानसचं पुढे काय होणार, याचा."

मला वाटले, कॉलेजातली कोणी मुलगी असावी!

सिल्व्हानस ही 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या अमेरिकन संगणक-खेळातली राणी. 2004 साली सुरू झालेला हा खेळ अजून चालूच आहे. लाखो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित जगात वावरतात, आणि दोन-दोन वर्षांनी तिथली कथा नवे वळण घेते. मधल्या काळात मंडळी तर्क लढवतात. 2023 साली तर कंपनीने पुढील तीन भागांची नावे आधीच जाहीर करून टाकली. तर्काच्या भट्टीत आयतेच सरपण पडले!

आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या माणसाला शेवट ठाऊकच असतो. कर्णाच्या रथाचे चाक रुतायचेच. ओढ असते ती बुवा ते कसे रुतवतात याची. इथे शेवट कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तर्क करणारा नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

ही सिल्व्हानस मूळची आपल्या नगराचे रक्षण करणारी शूर सेनापती. आर्थस नावाच्या राजपुत्राने तिला मारले, आणि सुखाने मरूही दिले नाही. पिशाच करून दास्यात ठेवले. पुढे ती त्यातून सुटली आणि 2016 साली 'होर्ड' या पक्षाची प्रमुख झाली. 2018 साली तिने टेल्ड्रासिल नावाचा एक महाप्रचंड वृक्ष पेटवून दिला. त्या वृक्षावर शत्रूची अख्खी नगरी वसलेली होती. शत्रुपक्षाकडून खेळणाऱ्यांना काही मिनिटांची मुदत होती : आगीतून जमतील तेवढी माणसे बाहेर काढा. सगळी निघणे शक्यच नव्हते.

भाचा तेव्हा शाळेत होता, आणि होर्डच्या बाजूने खेळत होता. "मी महिनाभर हेच म्हणत होतो, की तिच्या मनात काहीतरी मोठी योजना असणार," तो म्हणाला. दुसरे म्हणत, ती पहिल्यापासून तशीच! पाहा, यात भविष्यकथन कुठे आहे? एक बचावाचा वकील, दुसरा फिर्यादीचा.

2022 साली कथेने निकाल दिला. तिच्या आत्म्याचा तुटलेला तुकडा तिला परत मिळाला, ती भानावर आली आणि पस्तावली. जिची नगरी जळाली होती त्या टिरँडेनेच तिला शिक्षा दिली, की मृतांच्या नरकात उतर आणि तिथे अडकलेला एकेक आत्मा शोधून बाहेर काढ. शिक्षा मला आवडली. पण तो तुकडा मात्र कादंबरीकार म्हणून खटकला. गुन्हा कोणी केला, पुऱ्या सिल्व्हानसने की अर्ध्या, हा प्रश्न लेखकाने हळूच खिशात घातला.

हे मी भाच्याला तावातावाने सांगत होतो, आणि मध्येच थांबलो. मला एक जुनी गोष्ट आठवली. नववीतल्या एका मुलाने सहलीच्या वर्गणीतले पैसे घेतले होते. मी भर वर्गात म्हणालो, "हा पुढे तुरुंगात जाणार, लिहून ठेवा." वर्ग हसला. त्यानंतर कोणाची पेन्सिल हरवली तरी सगळे त्याच्याकडेच पाहू लागले, आणि खरे सांगायचे तर मीही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. पैसे त्याने कशासाठी घेतले, हे मी एकदाही विचारले नव्हते. कादंबरीत मी त्याला दहा पाने तरी दिली असती. पात्राच्या बाबतीत मी इतका सावध, आणि बाकावरच्या पोराबद्दल एका वाक्यात मोकळा!

भाच्याला हे सांगितले. तो बराच वेळ चकलीचा तुकडा मोडीत बसला. मग म्हणाला, "मामा, सगळे आत्मे बाहेर काढून झाल्यावर तिला कोणी परत घरात घेईल का?"

"तुला काय वाटतं?"

"घ्यावं असं वाटतं. घेतील असं नाही वाटत."

आतून बहिणीने हाक मारली, "अरे, बशा आणता की नाही इकडे?"