विकले म्हणजे सुटले नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. संगणक बंद पडले नाहीत. पुढे सापडणारी भगदाडे बुजवण्याची हमी तेवढी गेली. घरी सिनेमा पाहणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. पण उमरखेडच्या किंवा झरी जामणीच्या सेवा केंद्रात असा संगणक असेल, तर त्यावर गावकऱ्यांचे आधार, बँक खाते, पीकविम्याचे अर्ज भरले जातात. तिथे चोरी झाली तर भुर्दंड पडेल तो कापूस उत्पादकाला. त्याने तर तो संगणक विकतही घेतलेला नाही.

‘मग विंडोज ११ घ्या’ हे उत्तर सोपे आहे. मात्र त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१८पूर्वीची बहुतेक यंत्रे, ठणठणीत असली तरी, बाद ठरतात.

कंपनीने जन्मभर फुकट राबावे का? मुळीच नाही. नव्या सोयी मागण्याचा हक्क जुन्या ग्राहकाला नाही. भगदाड बुजवणे ही मात्र सोय नव्हे. भगदाड हे विकलेल्या मालातले वैगुण्य आहे. शिवाय दुरुस्ती तयार होतच असते. घरगुती ग्राहकाला एक वर्षाची मुदतवाढ आहे. संस्थांना ती तीन वर्षांपर्यंत विकत मिळते, पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि नंतर दरवर्षी दुप्पट. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा तोवर पैसे भरणाऱ्यांनाच मिळणारी विंडोज एक्सपीची दुरुस्ती कंपनीने सर्वांना खुली केली. म्हणजे अडचण तंत्राची नाही, दानतीची आहे.

विहिरीवरची मोटार जळाली तर दारव्ह्याचा कारागीर ती रिवाइंड करून देतो. कंपनीच्या पाया पडावे लागत नाही. सॉफ्टवेअरची दुरुस्ती मात्र कंपनीने स्वतःच्या कुलपात ठेवली आहे. किल्ली एकट्याकडे, तर जबाबदारीही त्याचीच. ती नको असेल तर किल्ली इतरांना द्यावी.

युरोपीय संघाने जून २०२५पासून स्मार्टफोनला विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक केले आहे. केरळने सरकारी शाळांत, ज्याची किल्ली सर्वांना खुली आहे असे, लिनक्स रुजवले. आपणही कायद्याची वाट पाहत बसू नये. जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत संगणक-खरेदीच्या प्रत्येक निविदेत एक अट घालता येते: सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे लेखी द्या. जो देणार नाही, त्याचा माल घेऊ नये.