तथागतांची पाठ

मज्झिमनिकायातील सेखसुत्ताच्या आरंभी आलेला एक प्रसंग भाविकांनी जितका मनावर घ्यावयास हवा होता तितका घेतलेला दिसत नाही. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते, आणि त्यात अन्य कोणी वास करण्यापूर्वी भगवान बुद्धांनी ते वापरावे अशी विनंती त्यांनी केली होती. दिवे लागले, आसने मांडली गेली. मधल्या खांबाला टेकून, पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या बुद्धांनी रात्री बराच वेळ उपदेश केला, आणि मग पाठ दुखू लागली असल्याने आपण ती थोडी लांब करणार असल्याचे सांगून पुढचे विवेचन शिष्य आनंद याच्याकडे सोपविले. संघाटीची, म्हणजे वरच्या चीवराची, चौघडी अंथरून ते उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून आडवे झाले. पुढे पावा येथे मल्लांच्या सभागृहातही असेच घडले. त्या वेळी सारिपुत्ताने केलेले निरूपण दीघनिकायात संगीतिसुत्त म्हणून संग्रहित आहे.

ज्याने दुःखाचे मूळ शोधिले त्याच्याच पाठीत दुःख का असावे, हा प्रश्न शिष्यपरंपरेला टोचल्यावाचून राहिला नाही, आणि त्याची दोन उत्तरे तिने देऊन ठेविली. अट्ठकथाकारांच्या, म्हणजे पाली भाष्यकारांच्या, मते ती सहा वर्षांच्या उग्र तपश्चर्येची खूण होती. ज्या देहाला हाडे मोजता येतील इतके झिजविले, त्याने उतारवयात त्याची वसुली केली. अपदान या पाली ग्रंथातील उत्तर निराळे आहे. पूर्वजन्मी मल्ल असताना कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला जायबंदी केले, त्याचे हे फळ, असा निवाडा तेथे दिला आहे. पहिले उत्तर वैद्याला पटण्यासारखे आहे. दुसरे आपल्या घराघरांतून अद्याप नांदत आहे. कोकणात लावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात ओणवी राहिलेली बाई संध्याकाळी बांधावर येते, दोन्ही तळहात कमरेवर दाबून, दात आवळून, थोडी थोडी सरळ होते, आणि तेवढ्यात तिच्या तोंडून जे निघते ते ‘फार वाकावे लागले’ असे नसते. ‘कुठल्या जन्मीचं भोगतेय देव जाणे’ असे असते.

या समजुतीला खुद्द बुद्धांच्या उपदेशातच प्रत्युत्तर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे कित्येक श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय, असे राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले. पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, शरीराची विषम वागणूक, आघात आणि कर्मविपाक, अशा आठ कारणांनी वेदना उपजतात. हे स्वतःच्या अनुभवानेही कळते आणि लोकांतही मान्य आहे. तेव्हा सारे काही पूर्वकर्माच्या खाती घालणारे या दोहोंची मर्यादा ओलांडतात, असे त्यांचे उत्तर होते. मिलिंदपञ्हात नागसेनाने याच आठांचा आधार घेतला आहे. कर्माला येथे हद्दपार केलेले नाही. आठांच्या पंगतीत त्याला एक पाट दिला आहे, एवढेच.

एवढेच, परंतु त्याने फार मोठा फरक पडतो. त्या बाईच्या कमरेचे कारण एकदा गतजन्मात ढकलले, की तिच्या मजुरीचा, तिच्या विसाव्याचा, तिच्या डोक्यावरच्या ओझ्याचा विचार करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. स्वतःचे दुःख कर्मफळ मानून शांतपणे सोसणाऱ्याविषयी मला आदर आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तोच शिक्का मारणे मात्र मला निष्ठुरपणाचे वाटते, मग ते कितीही मोठ्या ग्रंथाच्या आधाराने केलेले असो.

आता वैद्यकाची कैफियत. गृध्रसीची, म्हणजे सायटिकाची, वेदना कुल्ल्यापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते, हे चरकसंहितेत आहे, आणि आजचा रुग्णही बोटाने जवळजवळ तीच वाट आखून दाखवितो. या दुखण्याचे मूळ नसेत आहे, हे नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने १७६४ मध्ये मांडले. मणक्यांमधील गादीचा मऊ गाभा बाहेर येऊन नसेच्या मुळावर दाब पडू शकतो, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखविले. परंतु ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यात गॅप आली’ हे शब्द घरोघर पोहोचले, तसे तेही जन्मभराच्या शिक्षेसारखे उच्चारले जाऊ लागले. वास्तविक पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासणीचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्यांपैकी शेकडा ३७ आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी शेकडा ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्याच होत्या. एमआरआयचे चित्र साक्ष देते. फैसला देण्याचा अधिकार त्याला नाही.

संयुत्तनिकायात बाण लागलेल्या अज्ञ माणसाची गोष्ट आहे: देहाची वेदना हा पहिला बाण, आणि तिच्यामागून येणारा मनाचा आक्रोश हा दुसरा. पाठीच्या दुखण्यात हा दुसरा बाण पुन्हा शरीरात शिरतो. मनुष्य भितो, वाकणे टाळतो, स्नायू आवळून धरतो, खाटेला खिळतो; स्नायू दुबळे होतात आणि वेदना मुक्काम वाढविते. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात, पाठ नुकतीच धरलेल्या रोग्यांपैकी सोसेल तेवढे नित्याचे काम चालू ठेवणारेच निजून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. दुखेल तेव्हा घटकाभर आडवे व्हावे, त्यात संकोच नसावा. मग कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे आणि चार पावले चालावे. बहुतेकांची पाठ काही आठवड्यांत निवळते.

गीतेने सांगितलेली तितिक्षा अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दुःखासाठी आहे, आणि तिथे ती खरोखर उपयोगी पडते. मात्र पाऊल उचलता येईनासे झाले, मांड्यांच्या मध्ये बधिरता आली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ते सोसण्याचे दुखणे नव्हे. रोग्याला त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालयात न्यावे.