नोकरी आणि निष्काम कर्म

पुण्यातील हिंजवडीत किंवा मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करणाऱ्या तरुणाच्या कामाचे मोल वार्षिक मूल्यमापन, पगारवाढ आणि बढती यांवरून ठरत असल्याने, फळाची आसक्ती सोडून कर्म करावे हा भगवद्गीतेचा उपदेश त्याला आचरता येईल का, हा प्रश्न केवळ पांडित्याचा उरत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य कर्मसंन्यास नसून कर्मयोग, म्हणजे कर्तव्यकर्मे न टाकता ती समबुद्धीने करीत राहणे, असे मांडले आहे. या दृष्टीने पाहता त्यागायचे ते वेतन नव्हे, तर बढती मिळाली की स्वतःला श्रेष्ठ आणि हुकली की कवडीमोल ठरवणारी वृत्ती होय. मात्र निष्कामतेचा दाखला देऊन कोणाला मोबदल्याविना रात्री उशिरापर्यंत राबवून घेणे हा त्या विचाराचा विपर्यास आहे, कारण आसक्तीचा त्याग ज्याचा त्यानेच करावयाचा असतो आणि तो दुसऱ्यावर लादता येत नाही. शिवाय गीता लोकसंग्रहाची, म्हणजे समाजाची धारणा आणि हित साधण्याची, कसोटीही सांगते. त्यामुळे काम मन लावून केले एवढ्याने भागत नाही, ते कोणाच्या उपयोगी पडते आणि कोणाचे नुकसान करते, हेही तपासावे लागते. तेव्हा तरुणांनी कामात कसूर करू नये, हक्काचे वेतन निःसंकोच मागावे, आणि आपली किंमत मात्र कोणत्याही मूल्यमापनाच्या हाती सोपवू नये.