औषधाची मात्रा आणि देण्याचा धर्म

उज्जैनच्या महाकालेश्वराच्या पिंडीवर एका भाविकाने किती पाणी वाहावे, याचे माप कोणी ठरवावे असे शतकानुशतके कोणाला वाटले नव्हते. पिंडीची झीज होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली, पुरातत्त्व आणि भूविज्ञान खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये मंदिर समितीच्या ज्या उपायांना न्यायालयाने मान्यता दिली त्यांत माणशी जास्तीत जास्त ५०० मिलिलिटर शुद्ध केलेले पाणी आणि सव्वा लिटर दूध वा पंचामृत अशी मर्यादा होती. पुढे २०२० मध्ये भाविकांनी पिंडीला दही, तूप, मध चोळू नये, असा आणखी कडक आदेश निघाला. भक्तीला माप नसते असे मानणाऱ्या परंपरेला भक्तीच्या द्रव्याचे माप ठरवावे लागले, ही गोष्ट वरवर पाहता मंदिराच्या व्यवस्थापनाची असली तरी तिच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: चांगली वस्तू, चांगल्या हेतूने, पण गरजेपेक्षा अधिक दिली, तर ते देणे चांगलेच राहते काय? मंदिरात हा प्रश्न एकदा उपस्थित झाला आणि मिलिलिटरमध्ये सुटला. दवाखान्यात तो औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीबरोबर नव्याने उपस्थित होतो आणि बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

भारतीय वैद्यकाने या प्रश्नासाठी ‘मात्रा’ हा शब्द योजला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे यश ‘युक्ती’वर अवलंबून असल्याचे सांगितले असून, युक्ती म्हणजे येथे चातुर्य किंवा क्लृप्ती नव्हे, तर मात्रा आणि काल यांचा आधार घेऊन केलेली औषधाची जुळणी होय. नीट योजलेले तीव्र विषही उत्तम औषध होते आणि वाईट रीतीने योजलेले औषध विषाच्या जातीला जाते, असेही त्याच ग्रंथाचे मत आहे. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्ससने विष आणि औषध यांच्यात भेद करणारी गोष्ट केवळ प्रमाण हीच असल्याचे प्रतिपादन केले आणि औषधशास्त्राची पाठ्यपुस्तके आजही त्याचेच नाव घेतात. चरकाने मात्र प्रमाणाच्या जोडीला काल बसवला, म्हणजे किती या प्रश्नापासून केव्हा हा प्रश्न वेगळा होऊ दिला नाही, आणि ही दृष्टी अधिक सूक्ष्म आहे असे म्हणावे लागते. शार्ङ्गधरसंहितेत तर वयानुसार मात्रेचा आलेखच आहे: पहिल्या महिन्याच्या बाळाला एक रक्तिका, म्हणजे एक गुंज औषध, मग वर्ष पुरे होईपर्यंत दर महिन्याला एकेक गुंजेची वाढ, त्यापुढे सोळाव्या वर्षापर्यंत दर वर्षाला एकेक माषाची वाढ, सत्तरीपर्यंत स्थिर मात्रा, आणि त्यानंतर लहान मुलाप्रमाणेच हळूहळू कमी करत जाणे. वृद्धांची मूत्रपिंडे मंदावतात म्हणून कित्येक औषधांचा डोस कमी करावा लागतो, हे आजच्या डॉक्टरला रक्ततपासणीवरून कळते. शार्ङ्गधराला ते निरीक्षणावरून कळले असावे.

मराठी घरांत हा शब्द वेगळ्या वाटेने रुजला. सहाणेवर मधातून उगाळून द्यायची हेमगर्भाची मात्रा ही रोगी हाताबाहेर जाऊ लागला की आठवायची गोष्ट होती, आणि ‘मात्रा लागू पडणे’ किंवा ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ हे प्रयोग तिच्यावरूनच आले. यात एक घोटाळा मात्र झाला. मूळ शब्दाचा अर्थ माप असा होता आणि मराठीत मापाचे नाव खुद्द औषधाला, तेही शेवटच्या, जालीम औषधाला मिळाले. मर्यादा सांगणारा शब्द सामर्थ्य सांगू लागला, आणि चिठ्ठीवर जितके जालीम औषध तितका डॉक्टर चांगला, हा आजचा समज याच वळणाचा आहे.

हा समज किती खोल गेला आहे, ते उज्जैनमध्येच मोजले गेलेले आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तीव्र जुलाबांवर शहरात काय लिहून दिले जाते, याचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा जुलाबांवर जागतिक आरोग्य संघटना आणि भारतातील बालरोगतज्ज्ञ यांचा उपचार ठरलेला आहे: शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणारी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, आणि तिच्या जोडीला झिंक. मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर त्यांची मात्रा चालत नाही. तपासलेल्या ८४३ चिठ्ठ्यांपैकी ७१ टक्क्यांवर प्रतिजैविक होते. तोंडाने घ्यायच्या प्रतिजैविकांत सर्वाधिक आढळले ते ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल या दोन औषधांचे तयार मिश्रण, ज्याला अभ्यासकांनी तर्कविसंगत म्हटले. ठरलेला उपचार आणि केवळ तोच (ओकारीसाठी डॉम्पेरिडोनची तेवढी मुभा धरून) लिहिलेल्या चिठ्ठ्या सहा होत्या.

सहा या आकड्याकडे अज्ञानाचा पुरावा म्हणून पाहणे सोपे आहे, पण त्याने खुलासा होत नाही, कारण जलसंजीवनी लिहिणारे डॉक्टर पुष्कळ होते. त्यांनी ती लिहिली आणि तिच्याबरोबर आणखीही बरेच काही लिहिले. येथे पूर्वमीमांसेची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा हे ठरवणाऱ्या दर्शनाची, एक जुनी वर्गवारी कामी येते. मीमांसकांच्या मते आज्ञेसारखे दिसणारे प्रत्येक वाक्य काही करायला सांगत नसते. जे अन्य मार्गाने कळलेच नसते ते सांगणारे वाक्य हा अपूर्वविधी. अनेक पर्यायांतून एकच पर्याय धरायला लावणारे वाक्य हा नियमविधी. आणि जे वाक्य वरून विधान करते पण ज्याचा खरा रोख बाकीचे वगळण्यावर असतो, त्याला परिसंख्या म्हणतात. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाचच भक्ष्य आहेत, हे शास्त्रवाक्य त्याचे ठरलेले उदाहरण आहे: ते पाच प्राणी खाल्लेच पाहिजेत असा त्याचा अर्थ नसून, त्यांखेरीज इतर खाऊ नयेत असा आहे. उपचाराची मार्गदर्शक सूचना ही बऱ्याच अंशी परिसंख्या असते. जलसंजीवनी व झिंक द्या, या वाक्याचा अर्धा अर्थ बाकीचे देऊ नका असा आहे, आणि उज्जैनच्या चिठ्ठ्यांत वाक्याचा पहिला अर्धा अर्थ अनेकदा पाळला गेला, दुसरा क्वचितच वाचला गेला.

तो का वाचला जात नाही, याचे उत्तर औषधशास्त्रात सापडणार नाही. ते देण्याघेण्याच्या संस्कारात आहे. तीर्थक्षेत्राच्या नगरीत घेणाऱ्याच्या हातावर पडणाऱ्या वस्तूंचा नमुना प्रसाद हा आहे. पळीभर तीर्थ आणि घागरभर तीर्थ यांच्या पुण्यात फरक नाही, शितभर प्रसादही पुरतो, आणि तरीही कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये हा दंडक आहे, कारण प्रसादाचे मोल त्याच्या मापात नसून देणाऱ्या हातात असते. औषधाचे सगळे मोल मापात असते. लांबून मूल घेऊन आलेल्या आईला साखरमिठाच्या पुडीवर परत पाठवणे डॉक्टरला आणि तिलाही रिकाम्या हाताने पाठवण्यासारखे वाटते, आणि मग चिठ्ठीवरची चौथी-पाचवी ओळ उपचार म्हणून नव्हे तर प्रसाद म्हणून लिहिली जाते. त्या अभ्यासातील एक निष्कर्ष या संदर्भात विचार करायला लावतो: धर्मादाय रुग्णालयांच्या तुलनेत पूर्णपणे मोफत रुग्णालयांतील डॉक्टर जलसंजीवनी व झिंक लिहिण्याची शक्यता अधिक आणि प्रतिजैविक लिहिण्याची शक्यता बरीच कमी होती. यावरून कोणाच्या हेतूवर बोट ठेवता येणार नाही, कारण औषधसाठ्यापासून रुग्णांच्या अपेक्षेपर्यंत अनेक कारणे यामागे असू शकतात. दयाबुद्धीने उभ्या राहिलेल्या संस्थेत औषध आपोआप मापात राहत नाही, इतके मात्र यावरून म्हणता येते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काल आणि पात्र या तिघांचा विचार आवश्यक मानला आहे, आणि अयोग्य देशकाली अपात्री दिलेले दान तामस ठरवले आहे. हा विचार कीर्तन-प्रवचनांत बहुधा दक्षिणेच्या संदर्भात येतो. औषधाला तो शब्दशः लागू पडतो. येथे पात्र म्हणजे समोरचे मूल आणि त्याचे वजन. दहा किलो वजनाच्या मुलाला ताप आला तर पॅरासिटॅमॉलचा एक डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम होतो; पण हे औषध पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळते, त्यामुळे एका बाटलीतून सहा मिलिलिटर द्यावे लागते आणि दुसरीतून तीनच. चिठ्ठीवर नुसते ‘एक चमचा’ लिहिले, तर चमचा कोणता आणि बाटली कोणती, हे घरच्या फडताळावर सोडून दिल्यासारखे होते. जलसंजीवनीच्या पुडीचेही असेच आहे: तिच्यातील साडेवीस ग्रॅम भुकटीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि बाकी मोजके क्षार असतात, आणि ती एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवायची असते. अर्ध्या लिटरात घातली तर क्षार दुप्पट होऊन मुलाला अपाय होऊ शकतो आणि दोन लिटरात घातली तर उपयोग कमी होतो. एवढी निरुपद्रवी वस्तूसुद्धा मापाबाहेर गेली की रोगापेक्षा इलाज भयंकर ठरण्याची पाळी येते. तांब्याने पाणी घेणाऱ्या घरात एक लिटर म्हणजे किती, हे भांडे हातात घेऊन दाखवावे लागते, लिहून ते कळत नाही.

प्रतिजैविकाच्या बाबतीत मात्र दानाचा हा विचार आणखी एका टोकाला जातो. कर्मसिद्धान्ताची चर्चा करताना भारतीय दार्शनिकांनी दोन दोष टाळण्यावर भर दिला आहे: केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे हा अकृताभ्यागम. जगाची नैतिक व्यवस्था न्याय्य असेल तर या दोहोंना तिच्यात जागा असू नये, असा युक्तिवाद आत्म्याच्या नित्यत्वापासून पुनर्जन्मापर्यंत अनेक मते सिद्ध करण्यासाठी केला गेला. अकारण दिलेले प्रतिजैविक ही अकृताभ्यागमाची रोजच्या व्यवहारात घडणारी सरळ घटना आहे. औषधाने दुबळे जिवाणू मरतात, त्याला दाद न देणारे उरतात आणि वाढतात, आणि ते ज्याने गोळी घेतली त्याच्याच शरीरात राहण्याचे बंधन पाळत नाहीत. उज्जैनच्या क्षिप्रा नदीच्या पाण्यात आणि गाळात प्रतिजैविकांचे अवशेष व त्यांना न जुमानणारे ई-कोलाय जिवाणू आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे, आणि हीच नदी बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्याची स्नानभूमी आहे. ज्या पाण्यात पाप धुतले जाते अशी श्रद्धा आहे, त्याच पाण्यात एकाच्या चिठ्ठीचे फळ दुसऱ्याच्या वाट्याला येऊ शकते. कर्मसिद्धान्ताने हा दोष विश्वाच्या रचनेतून हद्दपार केला. तो चिठ्ठीतून हद्दपार करणे माणसावर राहिले आहे.

डॉक्टरच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. ताप, पोटदुखी, ओकारी किंवा शौचात रक्त असले की प्रतिजैविक लिहिण्याचे प्रमाण वाढते असे त्याच अभ्यासात दिसले, आणि रक्त पडत असेल तेव्हा प्रतिजैविक देणे हे शास्त्रालाही मान्य आहे. शिवाय दूरच्या गावचे मूल उद्या पुन्हा दाखवायला आणले जाईलच याची खात्री नसते, आणि काही न दिल्याने काही घडले तर दोष डॉक्टरच्या माथी येतो, दिल्याने घडले तर तो नशिबाच्या. पण या युक्तिवादात एक गृहीत लपले आहे, ते असे की देणे हे कर्म आहे आणि न देणे हे कर्म नाही. अकर्मात कर्म पाहणारा शहाणा, असे गीतेचा चौथा अध्याय सांगतो. वजन करून, शौचात रक्त आहे का हे विचारून, जिभेचा आणि डोळ्यांचा कोरडेपणा पाहून, आईला पुन्हा केव्हा यायचे हे समजावून मग गोळी न लिहिणे, याला जितके ज्ञान आणि जितका वेळ लागतो त्याच्या चौथाईतही गोळी लिहिता येते. भीतीपोटी लिहिलेली गोळी समजून घेता येते, तिला करुणा म्हणता येत नाही.

झिंकची गोष्ट या सर्वांत विशेष आहे, कारण तेथे देण्याची हौस नेमकी आटते. सहा महिन्यांवरील मुलाला रोज वीस मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला दहा मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, चमचाभर पाण्यात वा आईच्या दुधात विरघळवून चौदा दिवस द्यायची असते. जुलाब बहुधा त्याच्या बरेच आधी थांबतात, मूल हसू-खेळू लागते, आणि गोळी कशासाठी हे घरात कोणाला आठवत नाही. ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी करते, आणि तिचे फळ ज्याला दिली त्याच मुलाला मिळते. उज्जैनच्या त्या ८४३ चिठ्ठ्यांत जलसंजीवनीच्या जोडीने झिंक २२ टक्के मुलांना लिहिलेले होते.